सोपारा ते जुन्नर : एका वाटेची सहल

शाळेची सहल ठरवताना आपण बहुधा नकाशा पाहत नाही, यादी पाहतो. एक किल्ला, एक देवस्थान, एक धरण, जमल्यास एखादे संग्रहालय आणि परतताना बाग. मुले वहीत नावे आणि सन उतरवून घेतात, डबे खातात, बसमध्ये गाणी म्हणतात. यात गैर काहीच नाही. वर्षातला तो एक दिवस मुलांच्या कायमचा लक्षात राहतो. पण यादीतली ठिकाणे एकमेकांशी काही बोलत नाहीत. जुन्नरचेच उदाहरण घ्या. शिवनेरीवर आपण १६३० साल सांगतो, लेण्याद्रीला अष्टविनायकांतला गिरिजात्मज दाखवतो. हे दोन डोंगर एकमेकांना समोरासमोर दिसतात. तरी एकाच गावाभोवतीच्या डोंगरांत एवढी लेणी का कोरली गेली, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचा राहून जातो. जुन्नरच्या परिसरात कोरीव लेण्यांची संख्या दीडशेच्या वर आहे. भारतात एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडे सापडत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर जुन्नरमध्ये उभे राहून मिळत नाही. त्यासाठी पश्चिमेला तीसएक किलोमीटरवरच्या नाणेघाटात जावे लागते, तिथून खाली कोकणात उतरावे लागते आणि कल्याण, सोपारा या बंदरांपर्यंत पोचावे लागते. म्हणून आम्ही असे सुचवतो, की यादीऐवजी एका वाटेचीच सहल काढावी. मुंबई-ठाण्याच्या शाळांनी ती समुद्राकडून सुरू करावी, पुणे-नगरच्या शाळांनी उलट्या बाजूने. दोन दिवस पुरतात. तयारी मात्र थोडी जास्त लागते आणि ती करायला मदत व्हावी म्हणून हा लेख.

समुद्राकडचे टोक

आजचे नालासोपारा म्हणजे लोकलची गर्दी आणि इमारती. जुन्या बंदराची खाडी केव्हाच गाळाने भरली आहे. इथे 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा एक मातीविटांचा उंचवटा होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मातीच्या भांड्याचे तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक नाणे होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे. सहलीला एकच संग्रहालय बघायला वेळ असेल तर हे बघावे. दगड लहान आहे आणि अक्षरे थोडीच आहेत. मुले त्याच्यासमोरून चालत पुढे जातील, त्यांना थांबवावे लागेल. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इथे राजाज्ञा कोरण्याइतके महत्त्वाचे गाव होते, एवढे तो तुकडा नक्की सांगतो.

कल्याणची गोष्ट निराळी. त्या काळातले असे तिथे दाखवण्यासारखे आज काही नाही. तरी बस कल्याणहून जात असताना त्याचे नाव सांगावे, कारण हे गाव दगडाऐवजी नावाने उरले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या कितीतरी दात्यांच्या नावापुढे 'कल्याणचा' असे लिहिलेले आहे. आणि इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने इसवीसनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण, दोन्ही बंदरे येतात. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही घाटावरची मोठी बाजारपेठेची गावे म्हणून येतात. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून कापड खाली बंदरात जात असे, असे हा लेखक सांगतो.

पेरिप्लसमधली आणखी एक नोंद वर्गात वाचून दाखवण्यासारखी आहे. कल्याण पूर्वी कायदेशीर व्यापारी बंदर होते. पण सत्ता बदलल्यानंतर तिथे अडथळे आले आणि चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो म्हणतो. म्हणजे ही वाट कोणाच्या ताब्यात असावी यावरून भांडण चालू होते. ते किती मोठे होते हे पुढे जुन्नरला कळेल.

घाट चढताना

कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्यापर्यंत साठएक किलोमीटर. तिथून पुढे पायवाट. समोर सह्याद्रीची भिंत उभी दिसते. बेसाल्टचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि त्या भिंतीतली एक अरुंद खाच म्हणजे नाणेघाट. घाटमाथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे. लहान मुले बरोबर असतील तर जुन्नर-घाटघरकडून बसने थेट माथ्यावर जाता येते. पण आठवी-नववीच्या मुलांनी ही वाट चालून चढावी असे आमचे मत आहे. वाटेत दगड बसवून केलेल्या पायऱ्या लागतात. चढताना मुलांना एकच प्रश्न द्यावा : इथून बैलगाडी चढली असती का?

उत्तर त्यांचे पायच देतात. गाडी चढणार नाही. मग माल बैलांच्या किंवा गाढवांच्या पाठीवर लादावा लागणार. तसे असेल तर घाटमाथ्यावर माल उतरवणे, पुन्हा बांधणे, जनावरांना विसावा देणे हे सगळे आलेच. मुक्काम आला की पाणी आले. पावसाळ्यात इथे पाण्याला तोटा नसतो, पण बेसाल्टच्या या कड्यावरून ते धावत खाली जाते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण होते. म्हणून खडकात टाकी खोदलेली आहेत. नाणेघाटात आणि पुढे जुन्नरच्या डोंगरांत टाक्यांची तोंडे पाहावीत. अनेक टाकी तोंडाशी लहान आणि आत खडकाखाली पसरलेली असतात. उघडा पृष्ठभाग कमी, त्यामुळे बाष्पीभवनही कमी. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा इथे कोणीतरी छिन्नीने लिहून ठेवला आहे.

थोडा हिशेबही करता येईल. जुन्नर ते कल्याण या वाटेने साधारण शंभर किलोमीटर धरू. लादलेला बैल दिवसाला पंधरा किलोमीटर चालतो आणि पाठीवर एक क्विंटल ओझे नेतो असे गृहीत धरू. दहा टन कापड बंदरात पोचवायला किती बैल आणि किती दिवस? शंभर बैल, सहा-सात दिवस. त्यांना वाटेत किती ठिकाणी पाणी लागेल, वैरण कोण देईल, राखण कोण करील हे मुलांनीच मांडावे. ही गृहीतके बदलून पाहण्यातच मजा आहे.

त्या टाक्यांपैकी एकावर लहानसा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाके दान दिले, एवढेच तो सांगतो. समुद्रकाठच्या गावातला माणूस सह्याद्रीच्या माथ्यावर पाण्याची सोय करतो. लेखात टाक्यासाठी शब्द आहे 'पोढि'. दुर्ग आणि लेणी हिंडणाऱ्यांच्या तोंडी 'पोढी' आजही ऐकू येतो. सकाळी ज्या सोपाऱ्याहून निघालो त्याचे नाव मुलांना इथे खडकावर भेटते. आमच्या मते सबंध सहलीतली सर्वांत मोलाची जागा हीच.

राणीची गुहा

घाटाच्या तोंडाशीच चौकोनी गुहा आहे. तिच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांब लेख आहे. १८२८ साली कर्नल साइक्स यांनी तो पाहिला. हेच साइक्स पक्ष्यांचे अभ्यासक होते आणि एका चंडोलाला त्यांचे नाव दिलेले आहे. पण १८२८ मध्ये ही अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. ब्राह्मीचे कोडे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास उलगडले आणि नाणेघाटच्या लेखाचे बारकाईने वाचन पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी केले. भगवानलाल जुनागढचे. गिरनारचा शिलालेख पाहत पाहत ही विद्या त्यांनी स्वतःच मिळवली आणि मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम केले.

लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा. तिचा पती सातकर्णी. बहुतेक अभ्यासक हा लेख इसवीसनपूर्व पहिल्या शतकातला मानतात, काही जण त्याला आणखी मागे नेतात. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ केले आणि गाई, घोडे, हत्ती, गावे, चांदीची भांडी, कार्षापण नाणी अशी दक्षिणा दिली, याची ती यादी आहे. गणिताच्या शिक्षकांसाठी ही यादी म्हणजे खजिना आहे, कारण दक्षिणेचे आकडे अंकांत लिहिलेले आहेत. भारतातल्या अंकलेखनाचा एवढा मोठा आणि इतका जुना नमुना दुसरा क्वचितच असेल.

हे अंक वाचायचे कसे? एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. पण दहाला वेगळे चिन्ह, विसाला वेगळे, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. शून्य नाही आणि स्थानाप्रमाणे किंमत बदलणेही नाही. कार्षापणांचा एक आकडा आहे २४,४००. तो तीन चिन्हांत लिहिलेला आहे : हजाराच्या चिन्हाला विसाचे चिन्ह जोडून वीस हजार, हजाराच्याच चिन्हाला चार जोडून चार हजार आणि शंभराच्या चिन्हाला चार जोडून चारशे. बोलताना आपण 'चोवीस हजार चारशे' म्हणतो, त्याच्या हे लेखन आजच्या अंकांपेक्षा अधिक जवळचे आहे. मुलांना या पद्धतीने ७०७ आणि ७७० लिहायला सांगावे. मग दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करायला सांगावे. शून्याने काय सोपे केले हे पाठ करून घेण्याची गरज उरत नाही.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज त्या नाहीत. काही ठिकाणी पावले तेवढी राहिली आहेत आणि वर नावे : सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी त्रणकयिर. घाट चढून आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या नजरेस पहिल्यांदा हे राजघराणे पडावे अशी ही योजना असावी. आता मूर्तींनी काय नेसले होते, राणी कशी दिसत होती, हे कोणालाही सांगता येणार नाही. नावे कोरली नसती तर या रिकाम्या भिंतीवरून आपण काय ओळखले असते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहावा. लेखाची अक्षरेही झिजत चालली आहेत. त्यांच्यावर पाणी टाकणे, खडूने अक्षरे भरणे, हात फिरवणे कटाक्षाने टाळावे. आणि गुहेत कोणा 'अमुक + तमुक'ची नावे दिसली तर नागनिकेचा लेख आणि या लेखात फरक काय, यावर जरूर चर्चा करावी. तो फरक वाटतो तेवढा सोपा नाही.

रांजण

गुहेपासून थोडे पुढे दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असे सर्वत्र सांगितले जाते, पुस्तकांतही छापले जाते, आणि घाटाचे नावही नाण्यांवरून पडले असे त्याला जोडले जाते.

इथे जरा थांबावे. रांजणावर किंवा जवळपास जकातीचा उल्लेख करणारा एकही लेख नाही. नागनिकेचा लेख यज्ञांविषयी आहे, टाक्यांवरचे लेख दानाविषयी. एवढ्या महत्त्वाच्या घाटात राजाने जकात घेतली असणार, हे तर्काला धरून आहे; जकात घेतली म्हणजे ती याच रांजणात टाकली, हे मात्र त्यावरून निघत नाही. रांजण उघड्यावर आहे आणि इथे पावसाळा कसा असतो ते सर्वांना माहीत आहे. वाटसरूंसाठी पाणी ठेवायला तो घडवला असेल, असेही म्हणता येईल. नावाचे म्हणाल तर इंग्रजांच्या जुन्या कागदांत हा 'नानाघाट' आहे आणि बाजूच्या सुळक्याला लोक आजही नानाचा अंगठा म्हणतात.

मुलांना यातले खरे कोणते ते आपण सांगू नये. रांजणाचा घेर आणि खोली मोजू द्यावी, आकारमान काढू द्यावे आणि 'लेख सांगतो', 'अवशेषावरून दिसते', 'तर्काने वाटते' आणि 'लोक म्हणतात' असे चार रकाने वहीत आखून दिवसभराची माहिती त्यांत भरायला लावावी. रांजणाची गोष्ट चौथ्या रकान्यात गेली म्हणून कमी होत नाही. ती लोकांना का सांगावीशी वाटली, हाही इतिहासच आहे.

पावसाळ्यात इथे दुसरीच गर्दी असते, 'उलटा धबधबा' पाहणाऱ्यांची. खालून येणारा जोराचा वारा कड्याला आपटून वर वळतो आणि बारीक धारेचे पाणी उडवून परत माथ्यावर आणतो. गुरुत्वाकर्षण रद्द झाल्याच्या गप्पा ऐकू येतात, त्यांचाही समाचार तिथेच घ्यावा. मात्र शाळेची मुले घेऊन त्या दिवसांत कड्याजवळ जाऊ नये.

जुन्नर : पैसे कोणी दिले?

दुसरा दिवस जुन्नरचा. सगळी लेणी पाहायचा हट्ट धरू नये. लेण्याद्रीचे चैत्यगृह, तुळजा लेण्यांतले बारा खांबांचे गोल चैत्यगृह आणि मानमोडीतला एखादा गट एवढे पुष्कळ झाले. पाहताना एकच धागा धरावा, तो म्हणजे खर्च कोणी केला.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर दात्याचे नाव आहे सुलसदत्त, आणि तो आहे कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा. ज्या कल्याणमध्ये आपल्याला पाहायला काही मिळाले नाही, तिथला पैसा इथे खडकात उभा आहे. दुसऱ्या एका लेण्यात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. 'सतगभ' असा शब्द येतो. सात गाभारे म्हटले की मुलांना लगेच कळतो. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचेही उल्लेख आहेत. ठेवीच्या उत्पन्नातून दान चालू राहावे, म्हणजे या कारागिरांच्या संघटनेवर लोकांचा बँकेसारखा विश्वास होता. आणि 'यवन' म्हणवणारे दातेही आहेत : इरिल, चिट, चंद. कोणी टाकी दिली, कोणी भोजनमंडप दिला. चंद हे नाव परदेशी वाटत नाही; इथे राहून नाव बदलले की यवन ही ओळखच वेगळ्या अर्थाने वापरली जात होती, यावर अभ्यासकांत वाद आहे.

नाणेघाटात वैदिक यज्ञांचा अभिमान सांगणारी राणी आणि तिथून तीस किलोमीटरवर बौद्ध भिक्षूंसाठी डोंगर पोखरणारे व्यापारी. पाठ्यपुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणे असतात. वाट मात्र एकच होती.

मानमोडीत वत्सगोत्री अयम याचा लेख आहे. तो महाक्षत्रप नहपान याचा अमात्य आणि लेखात वर्ष ४६ दिले आहे. म्हणजे नागनिकेच्या घराण्याच्या हातून हा मुलूख क्षत्रपांकडे गेला होता. पेरिप्लसमधली कल्याणची अडवणूक आता आठवावी. या भांडणाचा शेवट कुठे दिसतो? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याची चिन्हे वर. मुंबईच्या संग्रहालयात सातवाहनांची नाणी पाहताना हा प्रसंग सांगितला तर काचेआडच्या त्या लहानशा चकत्यांपुढे मुले जास्त वेळ थांबतील.

शिवनेरीवर आता शेवटी जावे. शिवजन्माची जागा, शिवाई देवी हे सगळे दाखवावेच. पण कड्यात कोरलेली लेणी आणि गडावरची खडकातली टाकीही दाखवावीत. या डोंगरात वस्ती करण्याइतके पाणी साठवण्याची विद्या किल्ल्याच्या कितीतरी शतके आधी इथे रुजली होती.

वेळ उरल्यास नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तिथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. शहरांपासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला असलेली ही जागा रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून निवडली गेली. ज्या डोंगरांनी व्यापाऱ्यांना एका खिंडीतून जायला लावले, त्याच डोंगररांगेचा हा दुसरा उपयोग. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांसाठी प्रदर्शन असते. एरवी आधी परवानगी घ्यावी लागते.

सहलीसाठी दिवस निवडायचे तर नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर इजिप्तहून जुलैमध्ये निघालेली जहाजे पावसाळा सरता सरता इकडे पोचत आणि वारे उलटल्यावर, डिसेंबर-जानेवारीत परतत. तेवढ्या अवधीत घाटावरचा माल खाली यायला हवा असे. म्हणजे मुले ज्या आठवड्यात नाणेघाट चढतील, त्याच आठवड्यात एके काळी बैलांचे तांडे तो उतरत असावेत. वहीतल्या चार रकान्यांपैकी हे वाक्य कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मुलांना विचारा.